बाळंतिणीचे दोन तास

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि तो कोणी थांबवला नाही, तर बाईच्या हातात सरासरी दोन तास उरतात. बाळंतपणाआधीच अंगावरून रक्त जाऊ लागले तर साधारण बारा तास, गर्भाशय फाटले तर एक दिवस, वाढलेल्या रक्तदाबामुळे झटके येऊ लागले तर दोन दिवस, बाळ अडकून बाळंतपण अडले तर तीन दिवस आणि जंतुसंसर्ग झाला तर सहा दिवस. मातामृत्यूंच्या अभ्यासकांना हे अंदाज गेली तीन दशके तरी माहीत आहेत. ते सरासरीचे आहेत, प्रत्येक बाईला जसेच्या तसे लागू होणारे नाहीत. तरीही गरीब देशांतील मातृआरोग्याच्या कोणत्याही योजनेची परीक्षा घ्यायची असेल तर या सहा आकड्यांइतकी कठोर प्रश्नपत्रिका मला दुसरी दिसत नाही. त्यातला पहिला आकडा सर्वांत निर्दय आहे, कारण जगभरात मातामृत्यूंचे सर्वांत मोठे कारणही रक्तस्राव हेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 या एका वर्षात सुमारे 2 लाख 60 हजार स्त्रिया गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत दगावल्या. म्हणजे दिवसाला सातशेहून अधिक. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. रक्तस्राव कसा थांबवायचा, झटक्यांवर कोणते औषध द्यायचे, अडलेली बाळंतीण कशी सोडवायची, हे सारे वैद्यकाला ठाऊक असताना हे मृत्यू होतात. माझे म्हणणे असे की, भारतासारख्या देशांनी बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणण्याचे काम बऱ्याच अंशी पार पाडले; दाराच्या आत काय व्हायला हवे, याचा हिशेब मात्र कधी नीट मागितला नाही. पुढची लढाई त्या आतल्या खोलीतली आहे.

हा हिशेब का मागितला गेला नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1985 मध्ये ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रश्न विचारला होता की, माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता आहे तरी कुठे. सगळे कार्यक्रम बाळासाठी आखलेले होते आणि आईला त्याचा आपोआप लाभ होईल असे गृहीत धरले जात होते. दोन वर्षांनी नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची जागतिक परिषद झाली. त्यानंतरची कित्येक वर्षे दोन उपायांवर गेली. पहिला उपाय म्हणजे गावच्या दाईला प्रशिक्षण देणे आणि दुसरा म्हणजे गरोदर स्त्रियांतून ‘जोखमीच्या माता’ निवडून त्यांच्यावर लक्ष ठेवणे. दोन्ही उपाय स्वस्त होते, ऐकायला शहाणपणाचे होते, आणि दोन्हींनी अपेक्षेइतके मृत्यू कमी केले नाहीत. दाईचे हात कितीही सरावलेले असले तरी तिच्याकडे रक्ताची पिशवी नसते आणि शस्त्रक्रियेचे टेबल नसते. जोखमीच्या यादीची गोष्ट अधिक बोधक आहे. ठेंगणी, पहिलटकरीण, पाचव्या-सहाव्या खेपेची किंवा आधी सिझर झालेली अशा खुणांवरून बायका निवडल्या जातात. पण गुंतागुंत होणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेक जणी या यादीत नसतातच. शंभर गरोदर स्त्रियांमागे साधारण पंधरा जणींना काहीतरी गंभीर अडचण येते, हे आपण सांगू शकतो. त्या पंधरा जणी कोणत्या, हे मात्र आधी सांगता येत नाही. म्हणून तातडीची प्रसूती सेवा प्रत्येक बाळंतिणीच्या आवाक्यात असावी लागते. आजही आढावा बैठकांमध्ये ‘हाय रिस्क मदर’च्या याद्यांवर तासन्‌तास घालवले जातात. त्या याद्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही, पण यादीत नाव नसलेली बाई सुरक्षित आहे हा भ्रम त्यांच्यातूनच तयार होतो.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. मागास राज्यांतील ग्रामीण स्त्रीला दवाखान्यात बाळंत झाल्याबद्दल 1400 रुपये मिळू लागले, आशा कार्यकर्ती गावोगावी नेमली गेली, आणि 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने प्रसूती, सिझर, औषधे, रक्त आणि वाहन मोफत देण्याचे वचन दिले. या प्रयत्नांचे मोल कमी लेखू नये. 2005-06 मध्ये देशातील सुमारे 39 टक्के बाळंतपणे संस्थेत होत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत इतका मोठा सामाजिक बदल आपल्या देशात फार थोड्या बाबतींत घडला आहे, आणि त्याचे सर्वाधिक श्रेय रात्री-अपरात्री बाईसोबत गाडीत बसणाऱ्या आशाताईंचे आहे. मातामृत्यूही घटले. दर एक लाख जिवंत जन्मांमागे 2001-03 मध्ये 301 माता दगावत होत्या, 2018-20 मध्ये 97.

मात्र या दोन आकड्यांचे नाते दिसते तितके सरळ नाही. नऊ राज्यांतील 284 जिल्ह्यांची माहिती तपासणारा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. संस्थेत होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण आणि मातामृत्यूचे प्रमाण यांच्यात त्याला लक्षणीय संबंध आढळला नाही. मृत्यू कमी होण्यामागे मुलींचे वाढलेले लग्नाचे वय, घटलेली बाळंतपणांची संख्या, शिक्षण, रस्ते, मोबाइल फोन अशी अनेक कारणे आहेत. दवाखाना हे त्यांपैकी एक कारण आहे, आणि ज्या दवाखान्यात बाळंतपण करायला खाट आहे पण रक्तस्राव थांबवायला काही नाही, तिथे तेही कारण उरत नाही.

अशा दवाखान्यात काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्रात एका शब्दात सांगतात: ‘रेफर’. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथे भूलतज्ज्ञ नाही म्हणून उपजिल्हा रुग्णालयात, तिथे रक्त नाही म्हणून जिल्ह्याला. प्रत्येक ठिकाणी केसपेपर तयार होतो, नातेवाइकाची सही घेतली जाते आणि ती बाई त्या संस्थेच्या जबाबदारीतून कागदोपत्री बाहेर पडते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये तीन विलंबांची मांडणी केली होती: घरात निर्णय घ्यायला लागणारा, दवाखान्यात पोहोचायला लागणारा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला लागणारा. पहिल्या विलंबासाठी आपण जनजागृती केली, म्हणजे अडाणी कुटुंबाला दोष दिला. दुसऱ्यासाठी 102 आणि 108 च्या गाड्या आणल्या. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची सेवा सुरू आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तिसरा विलंब सरकारच्या स्वतःच्या घरातला होता आणि त्याच्याकडे सर्वांत कमी पाहिले गेले. उलट रुग्णवाहिकांनी तो झाकलाही, कारण गाडी उपलब्ध असली की तालुक्याला शस्त्रक्रियेची सोय नसल्याची लाज वाटेनाशी होते.

महाराष्ट्राचा राज्यव्यापी आकडा चांगला आहे. 2018-20 मध्ये लाखामागे 33 मातामृत्यू, म्हणजे आसामच्या 195 पासून फार दूर आणि केरळच्या 19 च्या बरेच जवळ. पण सरासरीला भूगोल नसतो. भामरागडपासून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्कच तुटतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या काही पाड्यांवरून गरोदर बाईला आजही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या 1997 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पाच लाख लोकवस्तीमागे तातडीच्या प्रसूती सेवेची किमान पाच केंद्रे सुचवली, त्यांतल्या किमान एका ठिकाणी सिझर आणि रक्त देण्याची सोय हवी. 2011 च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या 11 लाखांच्या आत आहे, म्हणजे या निकषाने जिल्ह्याला सिझरची दोन-तीन केंद्रे पुरेशी ठरतात. जिल्ह्याचे क्षेत्रफळ मात्र चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. विरळ वस्तीच्या प्रदेशात डोकी मोजून दवाखाने वाटणे हा अन्यायच आहे. तिथे तास मोजले पाहिजेत. आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ उभारलेली ‘माहेरघरे’, जिथे दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहू शकते, ही या दिशेची खरोखर समंजस योजना आहे. पण माहेरघर ज्या केंद्राला लागून आहे तिथे रक्त नसेल, तर बाईने फक्त पहिल्या टप्प्याचे अंतर कापलेले असते.

यापुढची गोष्ट आशेची आहे आणि ती आपल्या शेजारीच घडली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बेळगाव जिल्ह्यात या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी संशोधकांसह एक मोठी चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 स्त्रियांपैकी निम्म्या जणींना एएनएम सिस्टरने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय आकुंचन पावण्यासाठीच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. इंजेक्शन नाही, फ्रिज नाही, डॉक्टर नाही. गोळ्या मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. या चाचणीत रक्त मोजण्यासाठी बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचे एक साधे आवरण अंथरले होते, त्याला खाली निमुळती, खुणा केलेली पिशवी होती. त्यात जमलेले रक्त आणि नजरेने केलेला अंदाज यांची तुलना झाली तेव्हा, नजर सुमारे एक तृतीयांश रक्त कमी धरते असे दिसले. अनुभवी सिस्टरची नजरही याला अपवाद नाही, कारण रक्त कापडात मुरते, फरशीवर पसरते, गर्भजलात मिसळते. बाई फिकी पडते तेव्हा कळते, आणि तोवर दोन तासांतला बराचसा वेळ गेलेला असतो.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या 80 रुग्णालयांत पुढे अशाच खुणांच्या आवरणाभोवती एक संपूर्ण पद्धत बांधली गेली. 2 लाखांहून अधिक बाळंतपणांचा तो अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आवरणात रक्त ठरावीक खुणेपर्यंत आले की सिस्टरने कोणाला विचारत न बसता सगळे उपाय एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावावे म्हणून औषध, रक्त गोठलेले टिकवणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाइन, आणि रक्त कुठून येते आहे त्याची तपासणी. याआधी हेच उपाय एकामागून एक, प्रत्येकाचा परिणाम पाहत केले जात. नव्या पद्धतीत रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण 51 टक्क्यांवरून 93 टक्क्यांवर गेले, आणि एक लिटरहून अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू होणे या गंभीर घटना 60 टक्क्यांनी कमी झाल्या. यातले एकही औषध नवीन नव्हते. नवीन होते ते इतकेच की, मोजणे अनिवार्य झाले आणि मोजणाऱ्या सिस्टरच्या हातात निर्णय आला. बेळगावच्या ज्या मातीत हे मोजमाप रुजले, तिच्या आसपासच्या आपल्या प्रत्येक लेबर रूममध्ये ते आवरण अंथरलेले असावे, ही मागणी मला अजिबात मोठी वाटत नाही.

सिस्टरच्या हातून न थांबणारा रक्तस्राव आणि अडलेले बाळंतपण यांसाठी शस्त्रक्रिया लागते, आणि इथे आपण तज्ज्ञांच्या प्रतीक्षेत अडकलो आहोत. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट गरजेच्या सुमारे 80 टक्के होती, स्त्रीरोगतज्ज्ञांची सुमारे 74 टक्के. दर काही वर्षांनी पदे मंजूर होतात, जाहिराती निघतात, वेतन वाढवले जाते आणि जागा रिकाम्या राहतात. मोझांबिकने या प्रश्नावर 1984 पासून वेगळा मार्ग धरला. स्वातंत्र्यानंतर डॉक्टर देश सोडून गेलेले, यादवी युद्ध चालू, अशा स्थितीत त्या देशाने डॉक्टर नसलेल्या अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण दिले. राजधानी मापुतोच्या मुख्य रुग्णालयात त्यांनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी केलेल्या दोन हजारांवर सिझरची तुलना झाली, तेव्हा वरवरची जखम उकलण्याचे थोडे अधिक प्रमाण सोडले तर परिणामांत फरक आढळला नाही.

आपल्याकडे इतके दूर जाण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे एमबीबीएस डॉक्टर आहेत. त्यांना 18 आठवड्यांत जीवरक्षक भूल देण्याचे आणि 16 आठवड्यांत सिझरसह तातडीच्या प्रसूती सेवेचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम भारताने केव्हाच आखला. त्याचे पुढे काय झाले, हे आरोग्य खात्यात काम केलेल्या कोणालाही विचारावे. भूल शिकलेला डॉक्टर एका तालुक्यात आणि शस्त्रक्रिया शिकलेली डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात. किंवा दोघेही एकत्र, पण रक्त साठवण केंद्र नाही. किंवा सगळे आहे, पण काही बिघडले तर ‘तुम्ही तज्ज्ञ नसताना हात का घातला’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात आणि ग्राहक न्यायालयात एकट्याने झेलायचा. असा डॉक्टर काही महिन्यांत ‘रेफर’ लिहायला शिकतो, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही. या डॉक्टरांना जोडीने नेमणे, त्यांच्या कामाला कायद्याचे स्पष्ट संरक्षण देणे आणि जिल्ह्याच्या तज्ज्ञाने फोनवर त्यांच्या पाठीशी उभे राहणे, या तीन गोष्टी एकत्र झाल्याशिवाय प्रशिक्षणावरचा खर्च वाया जात राहील.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: गरिबांसाठी कमी शिकलेला डॉक्टर, श्रीमंतांसाठी तज्ज्ञ, ही विषमता आपण कायम करायची का? आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो घेणाऱ्यांचा हेतू मला मान्य आहे. पण धडगावच्या बाईसमोर तज्ज्ञ आणि प्रशिक्षित एमबीबीएस असा पर्याय आज नाही. तिच्यासमोर प्रशिक्षित एमबीबीएस आणि घाटातली रुग्णवाहिका असा पर्याय आहे. तज्ज्ञ येईपर्यंतची वर्षे कोणाच्या तरी देहाने भरून काढली जातात.

रक्ताचे कोडे याहून सोपे असायला हवे होते. तालुक्याच्या रुग्णालयात स्वतंत्र रक्तपेढी असण्याची गरज नाही. मोठ्या रक्तपेढीतून पिशव्या आणून ठेवणारे साठवण केंद्र पुरते, आणि अशा केंद्रांना परवान्यातून सूट देणारी नियमदुरुस्ती 2001 मध्येच झाली. लागतो तो अखंड वीज असलेला फ्रिज, रक्त जुळवून पाहणारा तंत्रज्ञ आणि पिशव्या आणणारी ठरलेली गाडी. तंत्रज्ञाचे एक पद रिकामे असले की शस्त्रक्रियागृहावरचा सगळा खर्च झोपी जातो. त्यातच आपल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार 52.2 टक्के, रक्तक्षय असलेल्या. धडधाकट बाईला सोसणारा रक्तस्राव त्यांना सोसत नाही, आणि दोन तासांची मुदत त्यांच्यासाठी आणखी आखडते.

दुसऱ्या टोकाला, त्याच सर्वेक्षणानुसार खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणे सिझरने होतात, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. ज्या देशात एकीला गरज नसताना पोट चिरून घ्यावे लागते आणि दुसरीला गरज असून कोणी चिरणारे मिळत नाही, तिथे सिझरच्या सरासरी प्रमाणावरून काहीच कळत नाही.

श्रीलंकेचे उदाहरण मला वारंवार आठवते. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे लाखामागे 1500 हून अधिक माता मरत होत्या, आणि नंतरच्या दशकांत हे प्रमाण दर सहा ते बारा वर्षांनी निम्मे होत गेले. देश श्रीमंत झाल्यावर हे झाले नाही. गावपातळीवर प्रशिक्षित सुईण, तिच्या मागे मोफत रुग्णालय, आणि प्रत्येक मातामृत्यूची बारकाईने चौकशी ही त्यामागची साखळी होती. चौकशीचा हा भाग आपल्याकडे केरळने 2004 पासून गोपनीय पद्धतीने घेतला: कोणाचे नाव न घेता, काय चुकले आणि काय बदलायचे एवढेच विचारायचे. इतरत्र माता मृत्यू अन्वेषण समितीची बैठक बऱ्याचदा गुन्हेगार शोधण्यासाठी भरते, आणि तो सहसा साखळीच्या तळाशी सापडतो. आशाताईला नोटीस जाते, सिस्टरची वेतनवाढ थांबते, आणि सहा महिने भूलतज्ज्ञाचे पद रिकामे ठेवणारी फाइल चौकशीच्या टेबलावर येतच नाही. ज्या चौकशीत शिक्षेची भीती असते तिथे केसपेपरवरच्या वेळा बदलतात, आणि वेळा बदलल्या की शिकण्यासारखे काही उरत नाही.

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असे आपण शतकानुशतके म्हणत आलो, आणि त्या म्हणण्यात मृत्यूचा स्वीकार आधीच केलेला आहे. म्हणूनच तरुण बाई प्रसूतीत गेली तर गाव रडते, पण सहसा हिशेब मागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सुरक्षित मातृत्वाची सेवा हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्क असेल तर त्याचे मोजमापही हवे, आणि ‘संस्थात्मक प्रसूती इतके टक्के’ हे मोजमाप आता झिजून गेले आहे. माझी सूचना साधी आहे. जिल्हा नियोजन समितीच्या प्रत्येक बैठकीत प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाचे तीन आकडे मांडले जावेत: गेल्या महिन्यात रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती सिझर झाली, किती बाळंतिणींना तिथल्या तिथे रक्त दिले गेले, आणि किती जणींना पुढे पाठवले. पहिल्या दोन रकान्यांत शून्य आणि तिसऱ्यात मोठा आकडा असलेल्या रुग्णालयांची नावे त्या तालुक्याच्या पंचायत समितीबाहेर, सर्वांना वाचता येतील अशा अक्षरांत लावली जावीत.